पिशवीवरचा चेहरा

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आमचं गाव आंस-व्हेर्त; तिथल्या संग्रहालयात जे दुकान आहे त्याला नाव नव्हतं, आणि ते नसल्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. मासे खारवायच्या जुन्या कारखान्यात मुखवट्यांचं संग्रहालय. आत शिरलं की डाव्या हाताला चार फळ्या, एक गल्ला आणि गल्ल्यामागे लेओन्तीन. लोकरीचे मोजे, हुकाने ओढून केलेले गालिचे, साखर-सायीच्या वड्या, लगद्याचे मुखवटे, जे काही हवं असेल ते 'लेओन्तीनकडे' मिळायचं. किमतीच्या चिठ्ठ्या तिच्या हाताच्या, आणि पिशव्या किराणावाल्याकडून उरलेल्या. बाहेरगावचा माणूस मोजे घेऊन त्या पिशवीतून न्यायचा आणि घरी जाऊन सांगायचा की किराणा दुकानात काय छान मोजे मिळतात! ही गोष्ट समितीचा अध्यक्ष आन्सेल्म याच्या कानावर आली आणि त्याची झोपच उडाली.

आन्सेल्मचा जन्म गेला शेवंडांच्या होडीवर. वाऱ्यावर ओरडून बोलायची सवय जमिनीवर आल्यावरही गेली नाही. "आपल्याला चेहरा पाहिजे!" तो बैठकीत गरजला. "हॅलिफॅक्सच्या संग्रहालयाची पिशवी लांबून ओळखू येते. आपली पिशवी बघून काय कळतं? की बटाटे स्वस्त झालेत!"

"बटाटे खरंच स्वस्त झालेत," लेओन्तीन म्हणाली. पण आन्सेल्मने मनावर घेतलं की घेतलं. प्रांताकडून अनुदान मिळवलं आणि मॉन्क्टनहून रॉद्रीग नावाचा माणूस बोलावून घेतला.

दुकानांना, हॉटेलांना, चीजच्या डब्यांना ब्रँड करून देणं हा रॉद्रीगचा धंदा. बोलायचा आपलीच अकादी फ्रेंच, पण भातात लागावेत तसे मध्येमध्ये इंग्रजीचे खडे. माणूस मात्र मेहनती. आल्या आल्या त्याने काही काढलं-बिढलं नाही, नुसता कोपऱ्यात स्टूल टाकून बसला आणि कोण येतं, काय उचलतं, काय परत ठेवतं ते बघत राहिला. मग लेओन्तीनला विचारलं, "मावशी, हे दुकान माणूस असतं तर कसं असतं?"

"गुडघे दुखणारं."

ते त्याने खरोखर लिहून घेतलं.

मालाला लावायच्या चिठ्ठ्यांपासून त्याने सुरुवात केली, आणि तिथेच आपटला. करणारीचं नाव चिठ्ठीवर हवं म्हणून 'मारी शियासों' असं सुंदर अक्षरात छापून आणलं. गावात मारी शियासों सहा. त्यातल्या तिघी मोजे विणतात, आणि त्या तिघींपैकी एकीच्या मोज्यांची टाच नेहमी वाकडी. दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोघी दुकानात हजर. "ही टाच माझी नाही, आधीच सांगून ठेवते!" शेवटी गाव जसं हाका मारतं तसंच छापावं लागलं: मारी, जोची, पोलची. बापाचं आणि आजोबाचं नाव लागलं तेव्हा कुठे वाकडी टाच धनिणीकडे पोचली आणि शांतता झाली. जुन्या गालिच्यांमधले दोन रंग रॉद्रीगने उचलले, धुऊन फिकटलेला निळा आणि बिटाचा लाल. ते सगळ्यांना आवडले. लेओन्तीनलाही आवडले. राहिला होता तो फक्त चेहरा.

आता लेओन्तीनबद्दल थोडं सांगायला हवं.

सत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली, बोलायला तिखट. ऐन तारुण्यात ती मॅसॅच्युसेट्सला वॉल्थमला गेली आणि तिथे घड्याळांच्या कारखान्यात लागली. आमच्याकडची निम्मी पोरं तेव्हा तिकडेच जात. आई आजारी आहे असं थोरल्या बहिणीने, झेलीने, कळवलं. लेओन्तीनला वाटलं, आई दर हिवाळ्यात आजारी पडते, वसंतात जाऊ. वसंतात ती आली तेव्हा आईला पुरून तीन आठवडे झाले होते. झेली दारात उभी होती. वर्षभर आईचं हगणं-मुतणं एकटीने काढून ती वाळून गेली होती. तिने क्रुसावर हात ठेवून सांगितलं, "लेओन्तीन म्हणून ह्या घरात तुझं पाऊल पडणार नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही."

लेओन्तीन वॉल्थमला परत गेली नाही. गावातच राहिली, झेलीच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे. गावात रस्ता एक, चर्च एक, दुकानं दोन. अशा ठिकाणी चाळीस वर्षं एकमेकींशी न बोलता राहायला फार कष्ट पडतात, आणि दोघी बहिणी जात्याच कष्टाळू. प्रार्थनेला एक डावीकडच्या बाकावर, दुसरी उजवीकडच्या. झेलीचा नवरा अल्फे गेला तेव्हा लेओन्तीन दफनाला गेली, सगळ्यांत मागे उभी राहिली आणि कुणाशी न बोलता परतली.

इतकं गाव जाणतं. गाव जाणत नव्हतं ते पुढचं.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या मध्यावर आमच्याकडे मी-कारेम नावाचा सण असतो. संग्रहालय त्याचंच आहे. त्या आठवड्यात मोठी माणसं सोंगं घेऊन घरोघर फिरतात. पोटावर उशी, पाठीवर कुबड, डाव्या पायाचा बूट उजव्यात. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलतात. घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर आलं की मुखवटा काढायचा, बसायचं, खायचं-प्यायचं. नाही ओळखलं तर सोंग तसंच निघून जातं. सोंगाला कुणी दार बंद करत नाही, तसा रिवाजच नाही. आणि सोंगाला नाव नसतं.

परतल्याच्या पुढच्या वर्षी लेओन्तीन सोंग घेऊन निघाली. मामाचा मेणकापडी कोट, गोणपाटाचा मुखवटा, जाळ्याच्या सुतळीने शिवलेल्या दोन भुवया, त्यातली एक वर चढलेली, आणि मेंढीच्या लोकरीची ढगळ दाढी. चार घरं फिरली. पाचवं घर झेलीचं. आपण तिथे जाणार नाही असं ती स्वतःला सांगत होती, आणि सांगता सांगताच तिने दार वाजवलं.

आत तीच चूल, तोच वास. झेली तिच्याभोवती फिरली, कोट चाचपला, हातमोज्यांकडे निरखून बघितलं. "कोण रे हा? लांबून आलास?"

"लांबून," लेओन्तीन श्वास आत घेत म्हणाली.

"मग बस जरा." झेलीने आईची झुलती खुर्ची पुढे ओढली.

असे दहा-बारा हिवाळे गेले. दरवर्षी दाढीवाला यायचा, दरवर्षी झेली हात टेकायची, "बाई, नाही ओळखता येत!" आणि मग त्याला बसवून गप्पा मारायची. छप्पर गळतंय, अल्फेला खोकला आहे, कुणाच्या सुनेला जुळं झालं. एका वर्षी चूल सारखी करता करता, मागे न वळता म्हणाली, "माझी आई गेली ना, ती झोपेत गेली. त्रास नाही झाला. शेवटचे दोन दिवस तर हसत होती." मुखवट्याआड लेओन्तीनच्या डोळ्यांना धार लागली. वर्षानुवर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलला. कोणा परक्या सोंगाला सहज बोललेलं वाक्य आपल्या पदरात पडलं, नशीब आपलं, असं तिला वाटलं.

इतर घरांतही दाढीवाल्याला कुणी ओळखलं नाही. गावात पैजा लागायच्या. सगळे पुरुषांचीच नावं घ्यायचे. पुढे गुडघे गेले, चाल लपेना, तशी तिने कोट-दाढी चुलीत घातली.

आणि आता रॉद्रीगने समितीपुढे मोठ्या कागदावर एक चेहरा मांडला. गोणपाट, एक भुवई वर, लोकरीची दाढी. फिकट निळा आणि बिटाचा लाल.

"संग्रहालयाच्या जुन्या फोटोंत सापडला," रॉद्रीग म्हणाला. "दोनशे मुखवटे बघितले, पण हा बघितला की विचारावंसं वाटतं, कोण रे तू? दुकानाला हेच तर पाहिजे. माणूस थांबला पाहिजे."

"दाढीवाला!" आन्सेल्म टेबलावर थाप मारून ओरडला. "कधी कुणी ओळखलं नाही त्याला! माझी अजून पैज आहे, तो पोस्टातला गास्तों होता."

लेओन्तीनने चष्मा सारखा करून कागदाकडे पुन्हा बघितलं. तो फोटो तिला आठवत होता. अल्फेने झेलीच्या स्वयंपाकघरात काढला होता, दिवा डोळ्यांत चमकवून. अल्फे गेल्यावर त्याच्या बहिणीने सामान संग्रहालयाला दिलं असणार, तिने मनाशी ठरवलं. हा चेहरा आता पिशव्यांवर, कपांवर, मोज्यांच्या चिठ्ठ्यांवर जाणार. गाव पुन्हा नावं घेऊ लागणार. कुणीतरी कधीतरी बरोबर नाव घेणार आणि ते झेलीच्या कानावर जाणार. जिला क्रुसावर हात ठेवून घराबाहेर काढलं, तीच दाढी लावून आपल्याच चुलीपाशी बसत होती, आपल्या तोंडून घरातलं ऐकत होती, हे कळल्यावर झेलीला काय वाटेल? फसवलं असंच वाटेल. लेओन्तीनच्या अख्ख्या आयुष्यात जपण्यासारखे ते दहा-बारा हिवाळे होते. तेवढेही नासणार होते.

"मुलं घाबरतील," ती म्हणाली.

"मुखवट्यांच्या संग्रहालयात?" आन्सेल्मने विचारलं.

"भुवई वाकडी आहे."

"मावशी, सगळी गंमत त्या भुवईत तर आहे."

"शेवंड घ्या. होडी घ्या. फिडल घ्या!"

"इथून हॅलिफॅक्सपर्यंत प्रत्येक दारावर शेवंड आहे," रॉद्रीग समजुतीने म्हणाला. "तुम्हाला ह्यात काय खटकतंय ते सांगा, मी बदलतो."

आता काय सांगणार? हात वर झाले, ठराव पास झाला. त्यावर आन्सेल्मला आणखी एक कल्पना सुचली. त्याला कल्पना सुचली की गावाने घाबरावं हे बरं. "नव्या पिशवीच्या दिवशी स्पर्धा ठेवू! दाढीवाला कोण? गल्ल्यावर पेटी ठेवायची. बरोबर सांगेल त्याला शेवंडांचं जेवण, माझ्याकडून!"

"बरोबर कोण ते तुला तरी ठाऊक आहे का?" लेओन्तीनने विचारलं.

"नाही. पण इतकी नावं आली की तो स्वतःच पुढे येईल. माणसाला किती वेळ राहवेल?"

ती पेटी लेओन्तीनच्याच गल्ल्यावर आली. बाहेर अजून बर्फ, किनाऱ्यालगतच्या पाण्यावर अजून पापुद्रा, आणि दुकानात ही गर्दी. लोक मोज्यांसाठी येत, पेटीसाठी थांबत. नावं मोठ्याने सांगून मग चिठ्ठी टाकत. गास्तों, गास्तोंचा मेलेला भाऊ, शाळेचे जुने मास्तर. एकाने तर आधीच्या पाद्रीबाबांचं नाव टाकलं. प्रत्येक नाव चुकीचं निघालं की लेओन्तीनचा जीव भांड्यात पडायचा, आणि दार वाजलं की पुन्हा वर यायचा. "तुझं काय मत?" विचारलं की ती म्हणायची, "मला मोज्यांचं विचारा." तिचं जेवण सुटलं. रॉद्रीगने कपांचा पहिला खोका उघडून दाखवला तेव्हा तीसेक दाढीवाले एकदम तिच्याकडे बघू लागले, आणि तिने खोक्याचं झाकण लावून टाकलं.

नव्या पिशवीचा दिवस मी-कारेमच्याच आठवड्यात धरला होता. दुकान चकाचक. फळ्यांना निळा रंग, दारावर पाटी, पाटीवर वर चढलेली भुवई. नावावरून समितीत बरीच भांडणं झाली आणि शेवटी सगळे जे म्हणतात तेच ठरलं: 'लेओन्तीनकडे'. एरवी ती ह्यावर फुशारली असती. फिडल वाजत होतं, फ्रिकोचं, म्हणजे कोंबडी-बटाट्याच्या रश्श्याचं, पातेलं गरम होतं, आणि आन्सेल्म माइक असूनही ओरडत होता. त्याने पेटीतली नावं वाचायला घेतली. हशा, टाळ्या. तेवढ्यात दार उघडलं आणि झेली आत आली.

झेलीने ह्या दुकानात कधी पाऊल टाकलं नव्हतं. हॉलमधला आवाज हळूहळू बसला. फिडलवाल्याने धनुकली खाली घेतली. आन्सेल्मसुद्धा गप्प झाला, ह्यावरून काय ते समजा. झेली काठी टेकत सरळ गल्ल्यापाशी आली. तिने एक पिशवी उचलली, लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली.

"भिंतीवर लावतील वाटलं होतं मला," ती आन्सेल्मकडे वळून म्हणाली. "तू तर कपांवर छापलास रे!"

"तूच म्हणालीस कुणी दिला ते सांगू नको," आन्सेल्म पुटपुटला. पुटपुटताना आम्ही त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

लेओन्तीनला आधी कळेचना. मग कळलं. फोटो अल्फेच्या बहिणीने दिला नव्हता.

"झेली," ती म्हणाली. चाळीस वर्षांनी तोंडातून निघालेलं ते नाव घोगरं निघालं. "मी तुला फसवलं नाही. म्हणजे, फसवलं. पण..."

"मला? तू?" झेली म्हणाली. "अगं, दाढी लावून खुर्चीत बसलीस की तुझे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. लहानपणापासून टेकत नाहीत. पहिल्याच वर्षी ओळखलं मी. आणि परक्या सोंगाला कुणी वड्यांच्या पातेल्याच्या तळाची, तुझ्या आवडीची खरवड देतं? बाकीच्यांना नीट वड्या, आणि तुला खरवड, कागदात बांधून. तुला कधी वाटलं नाही?"

"मला वाटलं, वड्या संपल्या असतील."

"दरवर्षी?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. झेलीने काठी आपटली तसं तेही थांबलं.

"मग आईचं जे सांगितलंस," लेओन्तीन म्हणाली, "झोपेत गेली म्हणून..."

"तुला नाही सांगणार तर कुणाला? कोटाला?" झेलीचा आवाज हलला. "तोंडावर तर सांगता येत नव्हतं. क्रुसावर हात ठेवून बसले होते ना मी, मूर्खासारखी. तुझं नाव घेतलं असतं तर तुला मुखवटा काढावा लागला असता. आणि मुखवटा निघाला असता तर मला तुला हाकलावं लागलं असतं. म्हणून नाही घेतलं. तू यायची थांबलीस तेव्हा मी दोन वर्षं खरवड काढून ठेवली."

इतकी वर्षं आपण चोरून घेतलं असं लेओन्तीनला जे वाटत होतं ते कुणीतरी जपून, हिशेब न ठेवता, हातात देत होतं. गेले काही दिवस ज्या भीतीने तिला घास गिळू दिला नव्हता ती भीती अशी निघून गेली की तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती हुंदके देऊ लागली.

"शपथेचं काय?" तिने विचारलं.

"पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, दहा-बारा वेळा स्वतःच्याच हाताने मोडलीस, आता मला कशाला विचारतेस?" झेलीने पिशवीवरच्या दाढीवर बोट ठेवलं. "आन्सेल्म, ती पेटी राहू दे बाजूला. मी तोंडाने सांगते. लेओन्तीन."

सगळा हॉल बघत होता. पोस्टातल्या गास्तोंने टोपी काढली, का कोण जाणे.

नाव बरोबर आलं की चेहरा उघडा करायचा, हा नियम. लेओन्तीनच्या चेहऱ्यावर मुखवटा नव्हता, म्हणून तिने चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला. तसाही त्यातून काही दिसत नव्हतं. रॉद्रीगने पुढे होऊन तिला घालायला तिचा कोट धरला. आन्सेल्मने माइक तोंडाशी नेला, "मग शेवंडांचं जेवण झेलीला?" असं विचारलं आणि मग स्वतःच माइक खाली ठेवला.

झेली दाराकडे निघाली होती. अर्ध्यावर थांबून तिने मागे बघितलं.

"चल ना लवकर," ती म्हणाली. "दार उघडं टाकून आलेय. घर गार पडेल."